न रंगलेल्या पेशी

१. रंग चढला नाही, तर आधी रंगावर संशय घ्यावा, गाठीवर मागाहून. पॅथॉलॉजीत आम्ही बहुतेक वेळा काहीतरी 'आहे' म्हणून सही करतो. एसडीएचबीच्या स्टेनमध्ये मात्र 'नाही' यावर सही करायची असते, आणि ते फार जड जातं. मानेत कॅरोटिड धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे, किंवा पोटात पाठीच्या कण्याच्या कडेने, पॅरागँग्लिओमा नावाची दुर्मीळ गाठ होते. अॅड्रिनल ग्रंथीतलं तिचं भावंड म्हणजे फिओक्रोमोसायटोमा. अशा दहा रुग्णांपैकी तीन-चार जणांना जनुकातला बदल जन्मतःच मिळालेला असतो. तो शोधायला रक्त जातं आणि कधी कधी रिपोर्ट 'व्हीयूएस' असा शेरा घेऊन परत येतो. बदल सापडला आहे, पण तो घातक की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. मग गाठीचा ब्लॉक माझ्या टेबलावर येतो.

२. गाठीबद्दलचा भरवसा गाठीच्या शेजारच्या पेशी देतात. या स्टेनमधली अँटिबॉडी एसडीएचबी या प्रथिनाला जाऊन चिकटते. प्रथिन मायटोकॉन्ड्रियात असतं, म्हणून जिथे ते शाबूत आहे तिथे पेशीत खरखरीत तपकिरी कण उठतात. चाळीसच्या लेन्सखाली गाठीच्या पेशींचे घोळके नुसते निळसर, फिकट दिसतात. पण दोन घोळक्यांच्या मधून एक केशवाहिनी जाते आणि तिच्या भिंतीतल्या चपट्या पेशीत चार-पाच तपकिरी कण स्पष्ट दिसतात. ते दिसले की मी श्वास सोडते. म्हणजे अँटिबॉडी पोचली होती, ऊतक नीट होतं, आणि गाठीत प्रथिन खरोखरच नाही. ती वाहिनीही कोरी असेल, तर 'निगेटिव्ह' लिहायचा मला अधिकार नाही. 'वाचता येत नाही' एवढंच लिहायचं, सर्जन कितीही घाईत असले तरी.

३. त्याच केशवाहिनीमुळे मला आनुवंशिकता नव्याने कळली. जन्मतः आलेला बदल शरीरातल्या झाडून सगळ्या पेशींत असतो, म्हणजे त्या तपकिरी कणांच्या पेशीतही. तरी ती रंगते, कारण जनुकाची दुसरी प्रत तिच्यात चांगली आहे आणि तेवढ्यावर तिचं भागतं. गाठीच्या पेशींनी ती दुसरी प्रतही गमावलेली असते. नड्सन यांनी १९७१ मध्ये मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगावरून हा दोन आघातांचा विचार मांडला. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता. एकाच स्लाइडवर, एकाच माणसाच्या दोन शेजारच्या पेशींत तो असा उघड दिसेल, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं. रक्ताची तपासणी पहिला आघात दाखवते. दुसऱ्याचा परिणाम दिसायला गाठच बघावी लागते.

४. 'बी' दिसेनासं झालं म्हणजे 'बी'चंच जनुक बिघडलं असं नाही. एसडीएच या एन्झाइमचे ए, बी, सी आणि डी असे चार भाग असतात. मांडवाचा कुठलाही खांब काढला तरी खाली येतं ते कापडच, तसं यांतला कुठलाही भाग मोडला तरी रंगातून नाहीसं होतं ते 'बी'. डच आणि फ्रेंच संशोधकांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त बी, सी आणि डी यांच्याबाबत हे दाखवलं. एसडीएचचं जनुक बिघडलेल्या त्यांच्या सगळ्या १०२ गाठी कोऱ्या होत्या. म्हणून एका स्वस्त स्लाइडवर सगळ्या भागांची चौकशी होते. फक्त 'ए' बिघडलं असेल तर 'ए'चा स्वतःचा रंगही जातो, त्यामुळे तो वेगळा लावून बघता येतो.

५. स्टेनने पारडं जड होतं, निकाल लागत नाही. बदलाला घातक, बहुधा घातक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी किंवा निरुपद्रवी ठरवायच्या पाच पायऱ्या २०१५ पासून जगभर वापरात आहेत, आणि त्यात स्टेन हा अनेक पुराव्यांतला एक. कार्नी ट्रायड नावाच्या आजारात, विशेषतः तरुण मुलींच्या जठरातल्या गाठीत, रंग जातो पण जनुकाची अक्षरं जागच्या जागी असतात. 'सी'चं जनुक मिथिलेशनने नुसतं बंद झालेलं असतं. उलट काही बदलांत प्रथिन मोडकं असूनही टिकतं आणि रंगतं. मला सगळ्यात जास्त छळते ती तिसरी तऱ्हा: कण नाहीत, पण पेशीभर फिकट तपकिरी झाक आहे. 'डी'च्या बदलांत ती पुष्कळदा भेटते. अशी स्लाइड मी सहकाऱ्याकडे काहीही न सांगता सरकवते. जनुकाचा रिपोर्ट आधी वाचला, की डोळा त्याच्या बाजूने झुकतो.

६. 'आमच्या घरात कुणालाच नाही हो, मॅडम' या वाक्यावर मी आता थांबत नाही. 'डी'चा बदल वडिलांकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर सहसा होत नाहीत. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी नुसत्या वंशावळी मांडून हे १९८९ मध्ये ओळखलं होतं. जनुक सापडलं २००० साली. म्हणजे आजीकडून तो वडिलांना येतो, वडील ठणठणीत राहतात, आणि गाठ नातीच्या मानेत उगवते. मग त्या नातीच्या मुलांपेक्षा तिच्या भावाच्या मुलांची काळजी जास्त. हे समजावताना बायकांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसते आणि लगेच भाच्यांची चिंता. भाऊ बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला आत बोलावून सांगण्याइतकं आपल्या हातात काही ठोस असावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

७. ब्लॉक टिकतो, म्हणून तो कुणी जपून ठेवला की मला त्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटते. मेणात बसवलेलं ऊतक कित्येक वर्षांनीही रंगतं, पण गाठ काढल्याबरोबर पुरेशा बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडली असेल तरच. इवल्याशा बाटलीत कोंबलेली, दोन दिवसांनी कुरियरने आलेली गाठ मी कितीही प्रयत्न केला तरी बोलत नाही. एका रुग्णाच्या आत्याची मानेतली गाठ फार पूर्वी तालुक्याच्या गावी काढली होती. तिच्या मुलाने प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड, दोन स्लाइड आणि तो पिवळट ब्लॉक जसाच्या तसा आणून दिला. कापून रंगवला. वाहिन्या तपकिरी, गाठ कोरी. भाचीच्या रक्तातला तोच बदल आत्याच्या रक्तातही निघाला, आणि बदलाची पायरी ठरवणाऱ्या समितीसमोर ठेवायला दुसऱ्या गाठीचा पुरावा मिळाला. गाठ काढलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांना मी आता आवर्जून सांगते, की ब्लॉक तुमचा आहे, मागून घ्या, फक्त उन्हात ठेवू नका.