जाड तारेला बसायला जागा दे

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. "ताई, पाच तारा छान बोलतात, एकटी बी भरभरते. पोरं म्हणतात, मुलीच्या बोटांना सहा तारांचा बेस झेपत नाही." मी तेव्हा एसटीत उभी होते, धड बोलता आलं नाही, म्हणून आज सगळं लिहूनच काढतेय. बोटांचा विचार आधी मनातून काढून टाक, बाळा. जोर लावून ती तार सुधारत नाही, उलट आणखी फडफडते. हा त्रास मी तीन लग्नसराया काढलाय. तारेचं दुखणं तुझ्या हातात नाही, तिच्या बसण्यात आहे.

ती इतरांपेक्षा वेगळी का वागते, ते समजून घे. मोकळी बी सेकंदाला जेमतेम 31 वेळा हलते, सगळ्यात बारीक सी साधारण 131 वेळा. सहाही तारांची लांबी मात्र जवळपास सारखीच, बहुतेक बेसवर 34 इंच. तेवढ्याच लांबीत इतका खोल सूर काढायचा तर तार जाड करायची आणि ताण बेताचा ठेवायचा, एवढंच हातात उरतं. तुझी 130 नंबरची तार म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडी. तिच्यावर 15-16 किलोचा ताण, आणि डी तारेवर 22-23 किलोचा. जाडही आणि सैलही. अशी तार नटवर किंवा घोडीवर काटकोनात वळत नाही, कमान करून जाते. मग ती नक्की कुठून कुठपर्यंत हलतेय याचा तिलाच पत्ता लागत नाही. सूर पसरतो तो तिथे.

तंबोरा आठव. त्यातही पितळेची खर्जाची तार सगळ्यात जाड, आणि जवारी लागत नाही तोवर तीच सगळ्यात जास्त रुसते. मिरजेचे सतारमेकर घोडीची पाठ घासतात, मग तारेखालचा सुताचा दोरा केसाएवढा पुढेमागे सरकवत बसतात, आणि एका जागेवर खर्ज अचानक उघडतो. त्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. तुझा बेस परक्या घराण्यातला असला तरी खर्जाची तार इथून तिथून सारखीच. तिला ओढू नकोस, नीट बसव.

आता कामाला लाग. नवी बी तार घे. जुनीवर चार महिन्यांचा घाम आणि पावसाळा बसलाय, तिच्याकडून काही होणार नाही. घोडीतून तार ओवलीस की खुंटीत अडकवण्याआधी तिला मोकळी लोंबू दे, जो पीळ असेल तो आपोआप सुटेल. पीळ आत राहिला तर ती तार जन्मभर डगमगत बोलते. मग खुंटीच्या पुढे चार-पाच इंच सोडून पकडीने काटकोनात वाकव, आणि वाकवल्यावरच, वाकलेल्या जागेच्या पुढे काप. हा क्रम चुकवू नकोस. मी एकदा गडबडीत एका दुकानातून तार लावून आणली. त्यांनी आधी कापली आणि मग वाकवली. आतल्या गाभ्यावरची गुंडाळी सैल सुटली आणि टोकावड्याकडच्या एका हळदीत, ऐन नवरीला हळद लावताना, ती तार मुकी झाली. सूर होता, पण त्यात प्राण नव्हता. रात्रभर मी ई तारेवर भागवलं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाल आणि दोन-तीन वेढे वरून खाली उतरत जाऊ देत. त्यामुळे नटच्या मागे तारेला उतार मिळतो आणि ती खाचेत दाबून बसते. खाच अरुंद असेल तर खुंटी पिळताना टिक् असा आवाज येतो आणि सूर उडी मारतो. खाचेत टोकदार शिसपेन्सिलीची रेघ ओढून बघ. तरी टिकटिक राहिली तर खाच कारागिराकडून रुंद करून घे. घरच्या कानशीने घासायला बसू नकोस, खाच एकदा खोल गेली की भरून येत नाही.

मग जे करायचं ते कुणी सांगत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. तार सुरात आण. उजव्या हाताचा अंगठा घोडीच्या अगदी पुढे, सॅडलला लागून ठेव आणि तार हळूच खाली दाब. ढकलू नकोस, कणीक दाबतो तशी दाब. तसंच नटजवळ, पहिल्या फ्रेटच्या बाजूने. तारेची कमान मोडून तिथे बारीकसा कोपरा तयार होतो. सूर थोडा उतरेल, परत चढव, परत दाब. दोन-तीनदा केलंस की मोकळी तार छेडून कान दे. आधी ब्बबब असं घरंगळत होतं, तिथे आता एकच गोल सूर येईल. मला पहिल्यांदा तो ऐकू आला तेव्हा मी बेसवर तळहात ठेवून नुसती बसून राहिले होते.

एवढं करूनही फ्रेटवर खरखर राहिली तर नेक बघ. बीची तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून धर, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालून व्हिजिटिंग कार्ड सरकव. जेमतेम सरकलं तर छान. भलतीच फट असेल तर ट्रस रॉड थोडा आवळायचा, फटच नसेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, मग एक रात्र थांबायचं. चातुर्मासात लग्नं नसतात, वाद्यं कोपऱ्यात पडून राहतात आणि आपल्या शहापूर-मुरबाडच्या पावसात लाकूड ओल पितं. पौषात म्हसाच्या यात्रेच्या थंडीत तेच लाकूड सुकतं. म्हणून वर्षातून दोनदा तरी हे कार्ड फिरव. बीची उंची बाराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटरच्या आसपास असू दे. कुणी म्हणालं, सीइतकी खाली आण, तर ऐकू नकोस. जाड तारेला हलायला अंगण लागतं.

आणखी एक चोर असतो, पिकअप. त्याचं चुंबक तारेच्या फार जवळ आलं तर तिला ओढून धरतं आणि एका सुरात दोन सूर भांडल्यासारखे येतात. बीच्या बाजूचा स्क्रू फिरवून पिकअप थोडा खाली उतरव.

सूर लावताना फोनच्या ट्यूनरवर भरवसा ठेवू नकोस. 31 चं कंपन फोनच्या माइकला जवळजवळ पोचतच नाही, काटा वेड्यासारखा नाचतो. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेड, दुप्पट वरचा सूर निघेल, तो फोनला समजतो. मग तिथेच तार फ्रेटवर दाबून वाजव. दाबलेला सूर चढा आला तर तार थोडी सैल करून सॅडल मागे घे. बीचं सॅडल बहुधा सगळ्यांच्या मागे जातं, ते वाकडं दिसलं म्हणून घाबरू नकोस.

अ‍ॅम्पचंही सांगते. तुमच्या बँडचा तो आठ इंची स्पीकर एवढा खोल सूर काढूच शकत नाही. बासचं बटण पूर्ण फिरवलंस तर कागद फाटल्यासारखा आवाज येतो, आणि पोरं तारेला दोष देतात. बटण मधोमध ठेव. आणि कीबोर्डवाल्या दादाला प्रेमाने पण स्पष्ट सांग, की दादा, डावा हात एक सप्तक वर घ्या. त्याचा बास आणि तुझी बी एकाच जागी आले की ढोलकीची थापसुद्धा चिखलात जाते. तुझी जागा तू मागून घ्यायला शीक. न मागता हळदीच्या मांडवात कुणी ती देत नाही.

ही तार सुटत नाही म्हणून चार तारांचा बेस घ्यायचं मनात आणलंस, तेच मला जास्त लागलं. तुमची गायिका काळी चारला गाते ना? तिचा सा तुझ्या ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर आहे. त्याच फ्रेटवर एक तार वर सरक, बीवर, तिथे खर्जातला पंचम आहे. बोट जागचं हलवायचंही नाही. आणि गाणारा काळी एकचा असला तर बीच्या दुसऱ्या फ्रेटवर त्याचा खर्जाचा सा उभा आहे. चार तारांच्या बेसवर हे दोन्ही सूर नाहीत. मांडवात बायका नाचत असतात, त्यांना बेस ऐकू आला असं कधी कुणी म्हणणार नाही, पण तो सा खालून लागला की पावलं जमिनीला धरतात. मी बघितलंय.

तार बसवून झाली की मला रेकॉर्डिंग पाठवू नकोस, फोनच्या स्पीकरमधून बी येतच नाही. रविवारी सकाळी सरळगावला ये, तिथून किन्हवलीकडची गाडी धर, मी स्टँडवर उभी असेन. बेस मांडीवर घेऊन बस, टपावर टाकू देऊ नकोस. पकड आणि एलन पाना माझ्याकडे आहे, तू फक्त एक जादा नवी तार आण, न कापलेली.