संगणकाची स्मृती वाढविण्यापूर्वी

पुष्कळ शिक्षकांच्या घरी एखादा जुना संगणक असतो. शाळेचे मासिक तक्ते, विद्यार्थ्यांची माहिती, प्रश्नपत्रिका ही कामे रात्री घरी बसून त्यावरच उरकली जातात. काही वर्षांनी हा संगणक मंदावतो. एक तक्ता उघडण्यास पाच-पाच मिनिटे लागू लागतात. मग ‘रॅम वाढवा’ असा सल्ला मिळतो, शिक्षक पदरचे पैसे घालून तालुक्याच्या गावाहून रॅमची पट्टी आणतो आणि बसवितो. परंतु कित्येकदा असा अनुभव येतो की, पट्टी नवी बसली तरी संगणक तिचा काही भागच मोजतो व उरलेला भाग निरुपयोगी पडून राहतो. पट्टीत दोष नसतानाही असे का होते, हे समजण्यास गुणाकारापलीकडचे गणित लागत नाही. यास्तव हा विषय शिक्षकाने स्वतः समजून घ्यावाच. शिवाय वरच्या इयत्तांतील मुलांनाही तो शिकविता येईल.

१. स्मृतीचे कार्य

संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. एक कायम साठ्याची चकती. ती कपाटासारखी होय. दुसरी कामापुरती स्मृती, जिला व्यवहारात रॅम म्हणतात; ती मेजासारखी होय. शिक्षक तपासावयाच्या वह्या कपाटातून काढून मेजावर मांडतो. मेज लहान असेल तर दर वेळी एक वही आत ठेवून दुसरी बाहेर काढावी लागते आणि तपासण्यापेक्षा उठबसच अधिक होते. संगणकाचेही तसेच आहे. रॅम अपुरी पडली की तो तिच्यातील काही भाग चकतीवर नेऊन ठेवतो व लागेल तेव्हा परत आणतो. चकती रॅमपेक्षा फार संथ असल्याने सर्व काम मंदावते. अशा वेळी रॅम वाढविणे हा योग्य उपाय असतो. मात्र मेज किती मोठे करता येईल, याला सीमा आहे.

२. पत्त्यांचे गणित

एखाद्या गावात घरांना दोनच आकड्यांचे क्रमांक द्यावयाचे ठरले, तर ०० पासून ९९ पर्यंत शंभर घरांनाच क्रमांक मिळतील. एकशे एकावे घर बांधता येईल, पण टपालवाल्यास ते सापडणार नाही. स्मृतीतील प्रत्येक बाइटला असाच क्रमांक असतो. संगणक तो ० आणि १ या दोनच अंकांनी लिहितो. एक अंक घेतला तर २ क्रमांक होतात, दोन घेतले तर ४, तीन घेतले तर ८. प्रत्येक वाढीव अंकाबरोबर संख्या दुप्पट होते.

या अंकास बिट म्हणतात. ३२ बिटांचा क्रमांक घेतला तर ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक तयार होतात. एवढे बाइट म्हणजेच ४ गिगाबाइट. ३२ बिटांच्या नेहमीच्या घरगुती कार्यप्रणालीस ४ गिगाबाइटपलीकडची रॅम वापरता येत नाही, याचे मूळ या हिशेबात आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गावातील शंभर क्रमांकांपैकी काही क्रमांक शाळा, चावडी व दवाखाना यांसाठी राखून ठेवले, तर घरांच्या वाट्याला शंभराहून कमी क्रमांक येतील. त्याचप्रमाणे चित्रपटलाचे कार्ड व इतर उपकरणे यांनाही याच क्रमांकांतून वाटा द्यावा लागतो. म्हणून ३२ बिटांच्या विंडोजमध्ये ४ गिगाबाइट रॅम बसविली, तरी वापरास सुमारे ३ ते ३.५ गिगाबाइट एवढीच मिळते.

३. ही अडचण नवी नाही

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली आला. त्याच्या इंटेल ८०८८ या प्रोसेसरला पत्त्यासाठी २० बिट होते. म्हणजे १०,४८,५७६ बाइट. त्यांपैकी ६४० किलोबाइट कामासाठी राहिले व उरलेले क्रमांक पडदा व इतर यंत्रभागांसाठी राखले गेले. त्या वेळी हे पुष्कळ वाटले, पण काही वर्षांतच ते अपुरे पडले. १९८५ साली इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर ३२ बिटांचे पत्ते घेऊन आला. २००३ साली एएमडी कंपनीने याच घराण्यातील ६४ बिटांचे प्रोसेसर बाजारात आणले आणि ४ गिगाबाइटची सीमा ओलांडण्याचा मार्ग घरगुती संगणकास मोकळा झाला.

४. तीन मर्यादा

स्मृतीला तीन ठिकाणी सीमा पडते आणि तिन्हींपैकी जी सर्वांत लहान, तीच खरी सीमा होय.

पहिली सीमा मदरबोर्ड व प्रोसेसर यांची. किती पट्ट्या बसतील आणि प्रत्येक किती मोठी चालेल, हे त्यांवर ठरते.

दुसरी सीमा कार्यप्रणालीच्या बिटांची. ती वर सांगितली आहे.

तिसरी सीमा कार्यप्रणालीच्या आवृत्तीची. ही कंपनीने ठरविलेली असते. विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती २ गिगाबाइटवर थांबते. त्याच विंडोजची ६४ बिटांची होम बेसिक आवृत्ती ८, तर होम प्रीमियम आवृत्ती १६ गिगाबाइटपर्यंत जाते.

समजा, एका शिक्षकाच्या संगणकात २ गिगाबाइट रॅम आहे, मदरबोर्ड ८ गिगाबाइट घेतो, पण कार्यप्रणाली ३२ बिटांची आहे. त्याने ८ गिगाबाइट विकत घेतले तर निम्म्याहून अधिक पैसा वाया जाईल. प्रोसेसर ६४ बिटांचा असल्यास ६४ बिटांची कार्यप्रणाली घालूनच त्या खर्चाचे चीज होईल.

५. खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

(अ) संगणकाच्या गुणधर्मांच्या पानावर रॅम किती, प्रणाली ३२ की ६४ बिटांची व आवृत्ती कोणती, हे पाहून वहीत टिपावे.

(आ) पट्टीचा प्रकार पाहावा. डीडीआर २, ३ व ४ या पट्ट्यांच्या खाचा निरनिराळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. ती बळाने दाबू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. जुनी पट्टी दुकानात सोबत न्यावी, हे उत्तम.

(इ) ३२ बिटांवरून ६४ बिटांवर जाताना प्रणाली पहिल्यापासून नव्याने घालावी लागते. म्हणून शाळेची सर्व माहिती आधी दुसऱ्या साधनावर उतरवून घ्यावी आणि ती तेथे उघडते, याची खात्री करावी. वर्षभराचे तक्ते एकदा पुसले गेले की ते कोणत्याही पट्टीने परत येत नाहीत.

(ई) विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची असून तिला किमान ४ गिगाबाइट रॅम व टीपीएम २.० ही सुरक्षासोय लागते. जुन्या यंत्रात ही सोय नसेल, तर लिनक्सच्या एखाद्या हलक्या आवृत्तीचा विचार करावा.

(उ) पट्टी बसविताना वीज बंद करून तार काढावी, हात धातूच्या वस्तूस लावून अंगातील स्थिरविद्युत घालवावी आणि पट्टी कडेने धरावी.

६. वर्गातील प्रयोग

तीन मुलांना ओळीने बसवावे. बसलेला मुलगा म्हणजे ०, उभा राहिलेला म्हणजे १. मुलांनी उठबस करून किती निरनिराळ्या रचना होतात, ते फळ्यावर मांडावे, आठ होतील. मग चौथा मुलगा घ्यावा व रचना किती होतील याचा अंदाज मुलांनाच करू द्यावा. बहुतेक मुले प्रथम नऊ म्हणण्याचा संभव आहे. उत्तर सांगून न टाकता प्रत्यक्ष मोजू द्यावे. सोळा ही संख्या मुलांनी स्वतः मोजून काढली, म्हणजे दुप्पट होण्याचा अर्थ त्यांच्या मनात कायमचा ठसतो.

स्वाध्याय

१. दहा मुलांच्या ओळीतून किती रचना होतील?
२. वीस बिटांनी १०,४८,५७६ पत्ते होतात, तर एकवीस बिटांनी किती?
३. मदरबोर्डची सीमा १६ गिगाबाइट असून प्रणाली विंडोज ७ ची ६४ बिटांची होम बेसिक आहे. किती गिगाबाइट रॅम घेणे योग्य? कारण लिहा.