जुने स्पोर्ट्स घड्याळ घेण्याआधी काय शिकावे?



ज्या मालाची आपल्याला पारख नाही, तो दुसऱ्याच्या जबानीवर घ्यावा लागतो. पुढे तोच माल विकताना मात्र आपली जबान पणाला लागते. आम्ही कापडवाले ताक्याची वरची घडी पाहून भाव ठरवीत नाही. ताका उलगडतो, उजेडात धरतो, किनार पाहतो, मग बोलतो. जुन्या घड्याळाचेही असेच आहे. आज आपल्यातील अनेक तरुण हौसेने किंवा धंदा म्हणून जुनी स्पोर्ट्स घड्याळे घेतात. त्यांनी पैसे मोजण्याआधी थोडा अभ्यास करावा, म्हणून हा लेख.

किंमत कशाची असते?

स्पोर्ट्स घड्याळ म्हणजे पाणबुडे, मोटार शर्यतीचे चालक, वैमानिक अशा लोकांच्या कामासाठी बनविलेले मजबूत घड्याळ. ते बहुधा पोलादाचे असते. पुरुषांना सोने वर्ज्य असल्याने आपल्या ग्राहकाला ते सोयीचेही पडते. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात अमेरिकन नट पॉल न्यूमन यांचे पोलादी रोलेक्स डेटोना सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले. अशा बातम्या वाचून प्रत्येक जुने घड्याळ म्हणजे खजिना, असा समज पसरतो. तो चुकीचा आहे. ती किंमत पोलादाची नव्हती, निव्वळ जुनेपणाचीही नव्हती. घड्याळ खात्रीने त्याच माणसाचे व अस्सल होते, त्याची ती किंमत होती. आपल्या आवाक्यातील घड्याळालाही हाच नियम लागू आहे. किती भाग मूळचे उरले आहेत, यावर भाव ठरतो.

एक घड्याळ, एक धडा

सगळ्या कंपन्यांची घड्याळे एकदम शिकता येत नाहीत. एकच नमुना घ्यावा व तो पक्का करावा. आम्ही येथे जपानच्या सेको कंपनीचे ६१३९ मशीन घेतो. १९६९ साली स्वयंचलित क्रोनोग्राफ, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी भरणारे व वेळ मोजण्याची बटणे असलेले घड्याळ, बाजारात आणण्याची चढाओढ होती. एकीकडे स्वित्झर्लंडची झेनिथ, दुसरीकडे हॉयर, ब्राइटलिंग व त्यांचे साथीदार, आणि तिसरीकडे सेको. सेकोचे ६१३९ त्याच वर्षी जपानमध्ये विक्रीस आले. पुढे नोव्हेंबर १९७३ मध्ये अमेरिकन अंतराळवीर विल्यम पोग हे स्कायलॅबवर गेले, तेव्हा त्यांनी सरकारी घड्याळाखेरीज स्वतःचे पिवळ्या डायलचे ६१३९ सोबत नेले व तेथील ८४ दिवसांत ते वापरले. ही गोष्ट पुढे शौकिनांना कळली, तेव्हा पिवळ्या डायलला मागणी आली. आणि मागणी आली की नकली डायलही येतात.

पारख कशी करावी?

१. मागचे झाकण वाचावे. त्यावर दोन क्रमांक असतात. ६१३९-६००२ यासारख्या क्रमांकात पहिला भाग मशीनचा व दुसरा केसचा, म्हणजे बाहेरच्या पोलादी घराचा. दुसरा क्रमांक सहा अंकी. त्यातील पहिला अंक सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरे चिन्ह महिन्याचे. १ ते ९ हे जानेवारी ते सप्टेंबर. पुढे ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबरसाठी इंग्रजी ओ, एन, डी. ५३ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर हे मशीन १९७० च्या दशकातील असल्याने ते मार्च १९७५ चे झाले.

२. डायल व झाकण यांचा मेळ घालावा. डायलच्या तळाच्या कडेला भिंगानेच दिसतील अशा अक्षरांत क्रमांक असतो. त्यात ६१३९ असलेच पाहिजे. पुढचे आकडे झाकणाशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. सुरुवातीच्या मालावर पाण्याबाबत ‘प्रूफ’ शब्द असे, १९७० नंतर लवकरच तो जाऊन ‘रेझिस्ट’ आला. झाकण १९७५ चे आणि डायलवर ‘प्रूफ’ असेल, तर दोन घड्याळांचे मिळून एक केले आहे असे समजावे.

३. डायलची छपाई पाहावी. मूळ छपाई धारदार व एकसारखी असते. अक्षरे जाड-बारीक, रेषा वाकड्या, रंग खिडकीच्या कडेला साचलेला असेल तर डायल पुन्हा रंगविलेली आहे. पन्नास वर्षांच्या घड्याळाची डायल कोऱ्या नोटेसारखी चमकत असेल, तर आनंद मानण्याआधी शंका घ्यावी.

४. केसच्या कडा पाहाव्यात. कारखान्यातून आलेल्या कडा टोकदार असतात. वारंवार पॉलिश केल्याने त्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. घासलेले पोलाद परत येत नाही.

५. मशीन चालवून पाहावे. ६१३९ ला हाताने चावी भरत नाही; घड्याळ हलवावे लागते. वरचे बटण दाबले की मधला लांब सेकंद काटा सुटला पाहिजे, पुन्हा दाबले की थांबला पाहिजे. खालचे बटण दाबल्यावर तो बरोबर बाराच्या खुणेवर परतला पाहिजे. चावी आत दाबली की तारीख व वार बदलतात. यातील काही होत नसेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारावा व तो भावातून वजा करावा.

६. पाण्यावर भरवसा ठेवू नये. डायलवर ७० मीटर लिहिले असले तरी रबरी वॉशर अर्ध्या शतकाचे आहेत. वजूआधी घड्याळ काढून ठेवावे.

कारागीर बांधवांना एक इशारा. १९६० च्या दशकापर्यंत अनेक घड्याळांच्या काट्यांना व आकड्यांना अंधारात चमकण्यासाठी रेडियम लावीत. चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग जात नाही. असा रंग कोरडा खरवडू नये आणि तोंडाने फुंकर मारून धूळ उडवू नये.

आपल्या शहराचे नाव

परदेशांतील शौकीन लोक भडक रंगाची, पुन्हा रंगविलेली, जमेल त्या भागांची घड्याळे ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ओळखतात. ज्या शहरात मटण स्ट्रीटच्या चोर बाजारासारखा जुना बाजार आहे आणि हाताच्या हुनराने बंद मशीन चालू करणारे कारागीर आहेत, त्या शहराचे नाव शंकेचे लेबल व्हावे, ही गोष्ट लहान नाही. डायल रंगविणे किंवा दुसरा काटा बसविणे हा गुन्हा नव्हे. तो कारागिरीचा भाग आहे. ते लपवून अस्सल म्हणून विकणे हा गुन्हा आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असा सवाल त्यांनी केला आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. रंगविलेली डायल ही आजची आतली ओल आहे. मालातील ऐब लपविला गेला असेल तर खरेदीदाराला तो माल परत करण्याचा हक्क फिकहने दिला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात.

म्हणून विकणाऱ्याने बिलावर चार ओळी लिहाव्यात: मशीन कोणते, डायल मूळची की रंगविलेली, कोणते भाग बदलले, शेवटची सर्व्हिस केव्हा झाली. विकत घेणाऱ्याने या चार ओळी मागाव्यात. देण्यास कोणी टाळाटाळ केली तर घड्याळ कितीही सुंदर असो, उठून यावे. ‘मुंबईत दुरुस्त केलेले, सर्व सांगून विकलेले’ अशी ओळख मिळाली तर इन्शाअल्लाह भावही मिळेल आणि त्या कमाईत बरकतही राहील.