हळू सोडले तरच थांबणारा पडदा

आपल्या वर्गात प्रोजेक्टरचा पडदा खाली ओढण्याचे काम पहिल्या बाकावरच्या कॅडेटकडे येते. कोणाला ते पहिल्या झटक्यात जमते. कोणाला जमत नाही, मग पडदा फाटकन वर जातो, सगळा वर्ग हसतो आणि मागून उस्तादांचा आवाज येतो, "आराम से, बेटा, आराम से." उस्तादांचे हे दोन शब्द यंत्राच्या दृष्टीनेही अगदी अचूक आहेत, हे मला मे महिन्याच्या सुट्टीत घरी कळले. तेही एक चूक निस्तरताना.

आमचे घर अहिवाऱ्याला आहे. दुर्ग जिल्ह्यातले हे गाव भिलाईच्या उत्तरेला, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींजवळ. या खाणींचा चुनखडक भिलाईच्या पोलाद कारखान्यात जातो, आणि त्याची थोडी पांढरी धूळ आमच्या खिडक्यांवर येऊन बसते. बाबा क्रेन चालवतात. रात्रपाळी असली की सकाळी घरी येतात, चहा घेतात आणि झोपतात. म्हणजे आमच्याकडे ज्या खोलीत अंधार हवा तो दिवसा हवा, आणि मे महिन्यात त्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. तिच्यावर एक जुना, जाड कापडाचा, स्प्रिंगच्या रोलरचा पडदा आहे. बाबांनी तो एका कबाड्याकडून आणला होता. खाली ओढून सोडला की जिथे सोडाल तिथे थांबायचा.

या मे महिन्यात मी घरी पोचलो तेव्हा तो थांबत नव्हता. आईने खालच्या पट्टीला सुतळी बांधून ती खिडकीच्या गजाला अडकवली होती. सुतळी सुटली की पडदा वर, ऊन थेट बाबांच्या तोंडावर. एका सकाळी बाबा चहा पिताना आईला म्हणाले, "काल केबिनमध्ये दोनदा डोळा लागता लागता राहिला." एवढेच बोलले. क्रेनखाली काय असते हे मला माहीत आहे. त्या दिवशी मी पडदा उतरवायचे ठरवले.

आधी हा प्रश्न पाहू की अशा पडद्याला कुलूप लागतेच का? बाजारातल्या दुकानांच्या शटरमध्येही स्प्रिंग असते. शटर खाली ओढले की वरच्या दांड्यावरची स्प्रिंग पीळ घेते आणि वर नेताना तो पीळ आपल्याला मदत करतो. पण लोखंडी शटर जड असते. त्याचे वजन आणि स्प्रिंगचा जोर साधारण बरोबरीचे असतात, म्हणून चांगले बसवलेले शटर अर्ध्यावर सोडले तरी बहुधा तिथेच राहते. कापडाचे तसे नाही. कापड हलके आणि स्प्रिंग त्याच्यापेक्षा जोरकस, म्हणून मोकळे सोडले की स्प्रिंगच जिंकणार. तिला अडवायला काहीतरी हवे, आणि ते असे हवे की खिडकीच्या वर हात न पोचणाऱ्या माणसालाही फक्त खालची पट्टी धरून लावता आणि काढता यावे. खरी गंमत इथे आहे. या कुलपाला किल्ली नाही, बटण नाही, दोरीही नाही. ते वेग ओळखते.

रोलर म्हणजे पोकळ लाकडी नळी. तिच्या एका टोकाला गोल पिन असते, ती गोल भोकाच्या ब्रॅकेटमध्ये फिरते. दुसऱ्या टोकाची पिन चपटी असते आणि ती चिरेच्या ब्रॅकेटमध्ये बसते. चपटी वस्तू चिरेत फिरू शकत नाही, म्हणून ही पिन कायम स्थिर. याच पिनेला जोडलेली एक दांडी नळीच्या आत लांबवर गेलेली असते. तिच्याभोवती लांब स्प्रिंग असते, तिचे एक टोक दांडीला आणि दुसरे रोलरला पक्के केलेले. पडदा ओढला की रोलर फिरतो, दांडी फिरत नाही, आणि स्प्रिंगला पीळ बसतो.

आता चपट्या पिनेच्या बाजूचे तोंड पाहा. पिनेच्या मुळाशी खाच असलेली एक लहान चकती आहे. ती पिनेबरोबर स्थिर. रोलरच्या टोपणावर समोरासमोर दोन छोटे लोखंडी खटके आहेत, एकेका खिळ्यावर सैल लटकलेले. हे रोलरबरोबर फिरतात. सायकलच्या मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्येही असेच खटके असतात, पेडल थांबवल्यावर टकटक आवाज येतो तो त्यांचाच. पण तिथे प्रत्येक खटक्याला बारीक स्प्रिंग दाबून धरते. पडद्याच्या खटक्यांना काहीच दाबत नाही. ते पडतात ते केवळ स्वतःच्या वजनाने.

म्हणून दोन खटके लागतात. जो खटका रोलरच्या वरच्या बाजूला येतो तो आत, म्हणजे चकतीकडे पडतो. जो खालच्या बाजूला असतो तो चकतीपासून लांब, बाहेरच्या दिशेला लोंबतो. अर्धी फेरी झाली की दोघांची अदलाबदल.

पडदा खाली ओढताना खटक्याचे नाक खाचेच्या उतरत्या बाजूवरून घसरून जाते, त्यामुळे अडत नाही. ओढणे थांबवून पट्टी हळूच वर जाऊ दिली की रोलर उलटा फिरू लागतो, वरचा खटका चकतीवर पडतो, त्याचे नाक खाचेच्या उभ्या बाजूला अडते आणि स्प्रिंगचा सगळा जोर त्या एका नाकावर थांबतो. पडदा लागला. उघडताना पट्टी थोडी खाली ओढायची, नाक खाचेतून बाहेर निघते, आणि लगेच हात वर जाऊ द्यायचा. रोलर वेग घेतो आणि खटक्याला परत पडायला सवड मिळत नाही.

सवड मिळत नाही म्हणजे नक्की काय, हे मी वहीत काढून पाहिले. वेगाने फिरणारा खटका बाहेर फेकला जातो असे आपण म्हणतो. भौतिकशास्त्राच्या सरांना हे वाक्य आवडत नाही. ते म्हणतात, खटक्याला कोणी बाहेर ढकलत नाही, त्याला सरळ जायचे असते. गोल फिरवायला आत ओढणारे बल लागते. वरच्या बाजूला असताना खटक्याला आत ओढणारे एकच बल आहे, त्याचे वजन. फेरीचा वेग इतका असेल की वजन त्याला पुरे पडत नाही, तर खटका बाहेरच राहणार. आमच्या खटक्याचा जड भाग मध्यापासून साधारण १ सेंमीवर आहे. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या हे गुरुत्व त्वरणाएवढे, म्हणजे ९.८ झाले की सीमा आली. ९.८ भागिले ०.०१ म्हणजे ९८०, त्याचे वर्गमूळ सुमारे ३१. एका फेरीत ६.२८ रेडियन, म्हणून सेकंदाला जवळजवळ ५ फेऱ्या. रोलर ३ सेंमी जाडीचा, त्याचा परीघ ९.४ सेंमी, तेव्हा पडद्याचा वेग सेकंदाला ४७ सेंमी. खटका खिळ्यावर तिरका लटकलेला असल्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरी मी रोलरच्या टोकाला खडूची खूण करून बाबांच्या मोबाईलवर संथ गतीचा व्हिडिओ काढला आणि फेऱ्या मोजल्या. सेकंदाला तीन-चार फेऱ्यांपर्यंत पडदा दर वेळी अडकला, सहाच्या पुढे कधीच नाही. मधल्या वेगाला तो बेभरवशाचा.

यातून आणखी एक कोडे सुटले. काही जुने पडदे पूर्ण वर न जाता चार बोटे खालीच अडकतात, आणि आपल्याला वाटते कापड अडकले. खरे तर वर जाता जाता स्प्रिंगचा पीळ संपत येतो, रोलर मंदावतो, आणि कुलूप आपले काम करते. त्याला कसे कळणार की मंदावला तो हात नव्हे, थकलेली स्प्रिंग आहे? उपाय सोपा आहे. पडदा अर्धा खाली ओढून लावायचा, रोलर ब्रॅकेटमधून काढायचा, कापड हाताने गुंडाळायचे आणि परत बसवायचा. जितकी कापडाची गुंडाळी हाताने केली तितके वेढे स्प्रिंगमध्ये जास्तीचे राहिले. पडदा फारच जोरात जात असेल तर उलटे: पूर्ण वर गेल्यावर काढायचा, थोडा हाताने उलगडायचा, मग बसवायचा.

ही कल्पना अमेरिकेतल्या स्टुअर्ट हार्टशॉर्न यांची. स्प्रिंगच्या पडद्याच्या रोलरचे त्यांचे पेटंट १८६४ सालचे आहे, म्हणजे तिकडे यादवी युद्ध चालू असतानाचे. या रोलरच्या कारखान्यातून त्यांना इतका पैसा मिळाला की १८७७ पासून त्यांनी न्यू जर्सीत जमीन घेऊन शॉर्ट हिल्स नावाचे आखीव गाव वसवले. दोन लोंबत्या खटक्यांवर एक गाव उभे राहिले, हे मला फार आवडले.

मोटारीचा सीटबेल्ट नेमका याच्या उलट वागतो. हळू ओढला तर येतो, झटका दिला तर अडतो. दोन्हीकडे स्प्रिंग, दोन्हीकडे गुंडाळी, दोन्हीकडे खटका आणि दाते. फक्त कोणता वेग धोक्याचा मानायचा ते वेगळे.

आता आमच्या पडद्याचा दोष. खटके जाग्यावर होते, खाच शाबूत होती, पण वरचा खटका पडतच नव्हता. बोटाने ढकलला तरी जिथे ढकलला तिथेच चिकटून राही. त्याच्या खिळ्याभोवती करडा, चिकट लगदा होता. तो पाहिल्यावर मला आठवले. दिवाळीच्या सुट्टीत पडदा कुरकुरतो म्हणून मी त्याच्या टोकात खोबरेल तेल सोडले होते, चांगले सढळ हाताने. थंडीत खोबरेल गोठते. त्यावर खाणीची धूळ बसत गेली. काही ग्रॅमचा खटका स्वतःच्या वजनाने पडायचा, त्याला एवढी चिकटही पुरेशी झाली. सहा महिने बाबा माझ्या तेलामुळे अर्धवट झोपत होते. मी ते जेवताना सांगितले. बाबा म्हणाले, "मग आता तूच काढ."

काढतानाही एक चूक केलीच. कुलूप लागत नाही म्हणजे पीळ मोकळा आहे, हे लक्षात न घेता मी रोलर अर्ध्यावरून उचलला. चपटी पिन चिरेतून निघाली आणि भोवऱ्यासारखी फिरली. अंगठ्याचे नख आठवडाभर काळे होते. बरोबर रीत अशी: पडदा पूर्ण वर जाऊ द्यायचा, चपटी पिन ब्रॅकेटमधून काढण्याआधीच पकडीत घट्ट धरायची, आणि मग वेढे मोजत हळूहळू सोडायचे. आमच्या रोलरमध्ये आठ उरलेले होते. तो आकडा लिहून ठेवावा, बसवताना तेवढेच द्यावे लागतात.

खटके अंगणात, चुलीपासून लांब, थोड्या रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने धुतले, उन्हात वाळवले. परत तेल घातले नाही. पेन्सिलचे शिसे पोलिस कागदावर घासून त्याची पूड खिळ्यांवर टाकली. ती निसरडी असते आणि धूळ धरत नाही. रोलर हातात धरून फिरवला तर खटके टकटक पडू लागले.

पण एकाचे नाक झिजून गोल झाले होते. ते खाचेत पडते आणि सटकते. तसा खटका बाजारात मिळाला नाही. म्हणजे आता काम करणारा खटका एकच, आणि पडदा अर्ध्या फेरीला न थांबता पूर्ण फेरीला एकदाच थांबणार, दर ९.४ सेंमीला. नशीब असे की खिडकीच्या कट्ट्याच्या वर ६ सेंमीवर एक थांबा आला आणि पुढचा कट्ट्याच्या खाली साडेतीन सेंमीवर, जिथे पट्टी जाऊच शकत नाही. सहा सेंमीची उन्हाची पट्टी बरोबर बाबांच्या उशीवर.

आई म्हणाली, सुतळी बांध. मी संध्याकाळभर त्या दोन आकड्यांकडे पाहत बसलो. थांबे रोलरचे आहेत, कापडाचे नाहीत. मग कापडाच्या वरच्या कडेचे खिळे उपसले, कापड साडेतीन सेंमी वर सरकवून पुन्हा रोलरवर ठोकले. आता वरचा थांबा साडेनऊ सेंमीवर गेला, आणि त्याच्या खालचा अगदी कट्ट्यावर. पट्टी टेकली की वरून एक बारीक टक ऐकू येतो.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात बाबांची रात्रपाळी होती. दुपारी दीड वाजता आईने मला हाक मारून सांगितले की जेवायला उठव त्यांना, अजून झोपलेत.