तोतया आणि ओळख
(इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी इतिहास व नागरिकशास्त्र यांचा जोडपाठ)

‘तोतया’ हा शब्द मुलांना ठाऊक असतो. परंतु तो इतिहासातला आहे व आपल्या घरी त्याचे काही काम नाही, अशी त्यांची समजूत असते. प्रस्तुत पाठाचा आरंभ या समजुतीपासूनच करावा.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. तथापि ते कोठेतरी जिवंत असावेत, ही आशा दक्षिणेत अनेकांनी सोडली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. या आशेचा लाभ उत्तरेकडील सुखनिधान नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने घेतला. तो स्वतःस भाऊसाहेब म्हणवू लागला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेत पडला. पुढे तो रत्नागिरीच्या किल्ल्यात होता. १७७६ साली तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्यास सोडविले, आणि पाहता पाहता कोकणातील अनेक ठाणी या मनुष्यापुढे नमली. अखेर पळून जात असता कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्यास पकडले व त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यास त्याचा शेवट झाला. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रसंगावर आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतूनच वेगळा झाला, तेव्हा ही हकीकत मुलांना परक्या मुलखाची वाटू नये.

हकीकत सांगून झाल्यावर शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : एकदा तोतया ठरलेल्या मनुष्यावर लोकांनी पुन्हा विश्वास का ठेवला? त्याचा चेहरा भाऊसाहेबांसारखा होता, हे उत्तर मुले देतील. ते अपुरे आहे. काहींना भाऊसाहेब परत यावयास हवेच होते, आणि काहींचा त्यात स्वार्थ होता. तोतया फसवितो तो आपल्याच इच्छेच्या किंवा भीतीच्या आधाराने. पाठाचा गाभा येथे आहे. यावर घाई करू नये.

आता वर्तमानाकडे वळावे. मालवण, देवगड, वेंगुर्ले येथील कितीतरी घरांत वृद्ध आईवडील गावी आणि मुलगा मुंबईस असतो. अशा घरी अनोळखी क्रमांकावरून फोन येतो : “आये, मी तुझो झील बोलतंय. ह्यो माझो नवो नंबर. माका अपघात झालो हा, पैसे होये.” आवाज रडका असतो, शब्द तुटक असतात. आता तर यंत्राच्या साहाय्याने आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. म्हणून आवाज ही ओळखीची खूण मानू नये. फोन ठेवून मुलाच्या जुन्या क्रमांकावर, अथवा शेजारच्या चाकरमान्याच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा, एवढे मुलांनी घरी पटवून द्यावे.

वर्गात एक खेळ घ्यावा. एका मुलास बाहेर पाठवावे व ‘तो परत आल्यावर खरा तोच की तोतया, हे कसे ओळखाल?’ म्हणून इतरांकडून प्रश्न फळ्यावर लिहून घ्यावेत. मुले वडिलांचे नाव, जन्मतारीख, वाडी असे प्रश्न सुचवितील. ज्यांची उत्तरे साऱ्या गावास ठाऊक आहेत, ते प्रश्न एकेक करून पुसावेत. फळा बहुधा रिकामा होतो! त्यानंतर प्रत्येकाने आपल्या कुटुंबापुरता एक गुप्त शब्द ठरवावा. तो वहीत मात्र लिहू नये.

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधारपत्रे वाटण्यात आली. तेव्हापासून मनुष्याची ओळख आकड्यांत व अंगठ्यात आली आहे. अंगठ्याच्या ठशावर बँकेतील रक्कम काढता येते. जाळी ओढून व खाऱ्या पाण्याने बोटांच्या रेषा झिजलेल्या मच्छीमारास यंत्रावर पुनःपुन्हा अंगठा ठेवावयास सांगितले जाते. दर वेळी यंत्रावर काय उमटले हे पाहून व पावती घेऊनच त्याने दुसऱ्यांदा अंगठा द्यावा. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून अंगठ्याचा हा उपयोग कुलूपबंदही करता येतो. तसेच केवळ शेवटचे चार अंक दाखविणारे आधारपत्र तेथून मिळते. पुष्कळ ठिकाणी तेवढे पुरते.

मोबाईलचे सिमकार्ड परस्पर दुसऱ्याने आपल्या नावे काढून घेतल्यास आपला फोन एकाएकी मुका होतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात रेंज जाणे नेहमीचेच, त्यामुळे कोणास संशय येत नाही. शेजाऱ्याचा त्याच कंपनीचा फोन चालू असेल, तर मात्र त्वरित बँकेस कळवावे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे शासनाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते.

मुलांस एवढे शिकविले तरी शाळेच्या कपाटाचा विचार राहतोच, आणि तो अधिक गंभीर आहे. जनरल रजिस्टरात मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मदिनांक सारे असते. शिष्यवृत्तीसाठी आधारपत्राच्या व पासबुकाच्या झेरॉक्स प्रती गोळा होतात. काम झाल्यावर त्या रद्दीत जाऊन भेळीच्या पुड्या झाल्याचे दृश्य बाजारात अपरिचित नाही. दुरुस्तीच्या सोयीसाठी संपूर्ण वर्गाची यादी, आधार व खाते क्रमांकांसह, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याची पद्धत तर सर्वस्वी त्याज्य होय. ज्याची नोंद चुकली असेल त्या पालकास शाळेत बोलवावे. प्रतीवर कारण व दिनांक लिहून घ्यावा, आणि गरज संपल्यावर ती फाडून जाळावी.

गुरुजींवरील विश्वासामुळे पालक आपला फोनच त्यांच्या हाती देतात व आलेला ओटीपी वाचण्यास सांगतात. काम लवकर उरकते खरे. परंतु ‘विश्वासाच्या मनुष्यास ओटीपी देण्यास हरकत नाही’ हा धडा पालक त्यातून घेतो. पुढे बँकेचा साहेब म्हणून बोलणाऱ्या तोतयालाही तो तसाच देतो. तेव्हा आईस अक्षरओळख नसली तरी सहा अंक तिच्याकडूनच वाचवून व टाईप करवून घ्यावेत. त्यास दहा मिनिटे अधिक लागतील.

दुसऱ्याचा पासवर्ड अथवा ओळखीची खूण कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फसलेली माणसे बहुधा लाजेने गप्प बसतात, आणि तेवढ्या अवधीत रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत राहते. १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात तक्रार नोंदविल्यास ती वाटेत अडविण्याचा संभव पुष्कळ असतो. हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर, पोषण आहाराच्या फलकाशेजारी रंगवून घ्यावा. चतुर्थीपूर्वीच्या पालकसभेत तो सर्वांकडून आपापल्या फोनमध्ये नोंदवून घ्यावा.