संकष्टीनंतरची पंचमी

आमच्याकडच्या मेहरूण तलावाचं पाणी सकाळी जिथं दिसतं, तिथंच संध्याकाळीही असतं. त्यामुळे जानेवारीत आईला घेऊन आठवडाभर अलिबाग-मुरूडचा किनारा निवांत बघायला निघालो, तेव्हा आरक्षण, खोली, आईच्या गोळ्या, पिशवीभर बोरं असं सगळं आठवणीनं घेतलं. भरती-ओहोटी कोणाच्या डोक्यातच नव्हती.

मुंबईहून लाँचनं मांडवा, तिथून बसनं अलिबाग. दुसऱ्या दिवशी साडेदहाला किनाऱ्यावर गेलो, तर कुलाबा किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडलेली. घोडागाडीनं सरळ दरवाज्याशी उतरलो. किल्ल्याचं बांधकाम 1680 साली शिवाजी महाराजांनी सुरू केलं, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. आई तिथं रमली. मी बाहेरचा तट न्याहाळत बसलो. नुसते दगडावर दगड, मध्ये चुना नाही. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर मरतो.

सव्वा वाजता दरवाज्यात आलो, तर घोडागाड्या गेलेल्या. समोर पाणी. फार दिसेना, म्हणून मी आईचा हात धरून उतरलो. वीसेक पावलांत पाणी गुडघ्यावर, पायाखालची वाळू सरकायला लागली. पाणी फक्त समुद्राकडूनच नाही, किनाऱ्याच्या बाजूच्या खोलगटातूनही भरत होतं. आईची चप्पल गेली. मुकाट मागे फिरलो आणि देवळाच्या सावलीत बोरं खात बसलो.

दोन तासांनी एक होडी आली. होडीवाल्या काकांनी आईला विचारलं, "आजी, आज तिथी कोणती?"

"पंचमी. कालच संकष्टी सोडली."

"मग पाचाची पाऊणपट पावणेचार. तेव्हा पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. तुम्ही निघालात तेव्हाच पाणी परतलं होतं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. जन्मभर पंचांग पाहिलं, पण त्यात समुद्रही असतो हे कोणी सांगितलं नव्हतं!

तेव्हा इकडून जाणाऱ्यांनी खोलीच्या आधी तिथी बघावी. पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. हिशेब ढोबळ आहे, नक्की वेळ किनाऱ्यावर विचारायचीच. कुलाब्यासाठी तृतीया ते पंचमी सोयीची. ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या आसपास येते. ओहोटीच्या तासभर आधी निघा, पाणी वळलं की परत फिरा. पुनव-अवसेला उधाण असतं, पाणी लांबवर ओसरतं खरं, पण पहाटे नाहीतर दिवस मावळताना. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा पाणी पुरतं हटतच नाही. पावसाळ्यात तर मांडव्याची लाँच आणि जंजिऱ्याच्या होड्या दोन्ही बंद.

आणि दिवसाला एकच ठिकाण. आम्ही रेवदंडा, कोर्लई, जंजिरा एकाच दिवसात उरकणार होतो. त्या होडीनंतर तीन दिवस केले. म्हणून तर कोर्लईला थांबता आलं. तिथली काही घरं अजून पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली बोलतात. आई ओट्यावर बसून ऐकत होती, अर्ध्या तासानं म्हणाली, "दोन-चार शब्द आपलेच आहेत की."

यंदा भाचा निघालाय. त्यानं मला फोनवर खोलीचं भाडं विचारलं. आईनं आतून दिनदर्शिका आणली आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"अष्टमीले जाऊ नको रे, बाबा."