गिरह, गज आणि मेगाबिट : नेटवर्कचे शब्द दुकानदारांसाठी

कापडाच्या धंद्यात मापाला फार महत्त्व आहे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'गिरह' हा शब्द असे. सोळा गिरह म्हणजे एक गज. गजाचा भाव सांगून कोणी गिरहने मोजून देऊ लागला तर त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा कोणी चढणार नाही. परंतु इंटरनेट घेताना हिंगोली, बसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील आमचे पुष्कळ व्यापारी बांधव माप न विचारताच माल उचलतात आणि मग महिनाभर कुरकुर करतात.

इंटरनेटचे सर्वांत लहान माप म्हणजे 'बिट'. आठ बिट मिळून एक 'बाइट' होतो. कंपनी वेग विकते बिटमध्ये. आपले फोटो, व्हिडिओ आणि हिशेबाच्या फायली मोजल्या जातात बाइटमध्ये. म्हणून '१०० एमबीपीएस' याचा अर्थ सेकंदाला १०० मेगाबिट. आठने भागले की साडेबारा मेगाबाइट उरतात. यात लबाडी नाही, जगभर हीच रीत आहे. इंग्रजीत लहान 'बी' लिहिला तर बिट, मोठा लिहिला तर बाइट. उर्दू काय किंवा मराठी काय, आपल्या लिपीत लहान-मोठे अक्षर नाही, त्यामुळे आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांची नजर या फरकावर ठरत नाही. गिरह आणि गजाचा हिशेब लक्षात ठेवला म्हणजे झाले.

वेगाच्या या आकड्याला 'बँडविड्थ' म्हणतात. ती रस्त्याची रुंदी समजावी. रस्ता दोन प्रकारचा असतो. बाहेरून आपल्याकडे माल येतो तो 'डाउनलोड', आपल्याकडून बाहेर जातो तो 'अपलोड'. जाहिरातीत बहुधा पहिलाच आकडा ठळक असतो. साड्यांचे व्हिडिओ गिऱ्हाइकांना पाठवणाऱ्या दुकानदाराला मात्र दुसराच आकडा कामाचा. ४० मेगाबाइटचा व्हिडिओ ८ मेगाबिटच्या अपलोडने पाठवायला, सर्व काही सुरळीत असले तरी, ४० सेकंद लागतात. 'पर्यंत' हा शब्दही नीट वाचावा. '१०० पर्यंत' म्हणजे कायम १०० नव्हे. सरकारी व्याख्येत 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यासाठी किमान डाउनलोड वेग २०२३ साली ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट करण्यात आला, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाव मेगाबाइट.

आता ज्या शब्दाकडे कोणी लक्ष देत नाही तो. 'लेटन्सी', म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ. ती मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. (आपल्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया वेधशाळा उभारायला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. २०१५ साली अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांत गुरुत्वीय लहर सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने पोहोचली होती. शास्त्रज्ञ एवढ्याशा फरकाचा हिशेब ठेवतात!) रस्ता रुंद असूनही नाक्यावर गाडी खोळंबू शकते. यूपीआयच्या एका व्यवहाराला डेटा अगदी थोडा लागतो. तो अडकतो म्हणून दुप्पट वेगाची योजना घेणे म्हणजे एक रुमाल पाठवायला अख्खा ट्रक करणे होय.

माल जातो कसा? भिवंडीहून किंवा मालेगावहून माल निघाला की गाठी बांधल्या जातात, प्रत्येक गाठीवर नंबर आणि पत्ता असतो, सोबत बिल्टी असते. नेटवर्कवरही फायलीचे लहान लहान तुकडे करतात. त्यांना 'पॅकेट' म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा 'आयपी पत्ता' असतो. ती वेगवेगळ्या वाटांनी, मागेपुढेही पोहोचतात, नंबर पाहून पुन्हा जुळवली जातात, आणि एखादे हरवले तर तेवढेच परत मागवले जाते. गाठी पुढच्या कोणत्या वाटेने धाडायच्या हे ठरवणारा गुमास्ता म्हणजे 'राउटर'. वाय-फाय हा त्या राउटरपासून आपल्या फोनपर्यंतचा बिनतारी टप्पा, इंटरनेट नव्हे. लोखंडी शटर, पत्र्याचे गोदाम त्याला अडवतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बरी पोहोचते, ५ ची वेगवान पण भिंतीला दबणारी. तेव्हा कंपनीवर ओरडण्याआधी फोन राउटरजवळ नेऊन पाहावे.

'सर्व्हर डाऊन' हा शब्द तर आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. सर्व्हर म्हणजे दूर ठिकाणचा तो संगणक, जो आपल्याला सेवा देतो. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरण्यासाठी गर्दी उसळते आणि पोर्टल रेंगाळते, तेव्हा आपली लाइन ठणठणीत असू शकते. दुसरे संकेतस्थळ उघडून पाहिले की दोष कुठे आहे ते समजते.

यूपीआयचे पैसे 'पेंडिंग' पडतात तेव्हा हेच डोळ्यांपुढे आणावे. गिऱ्हाइकाचा फोन, त्याची बँक, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, आपली बँक आणि शेवटी दुकानातील बोलणारा डबा, एवढे टप्पे आहेत. डब्यात बहुधा स्वतःचे सिम असते, म्हणून दुकानाचे वाय-फाय बंद असतानाही तो बोलतो आणि रेंज गेली तर पैसे जमा होऊनही गप्प राहतो. गिऱ्हाइकाच्या पडद्यावरची हिरवी खूण ही जमा नव्हे. तसे चित्र खोटेही बनवता येते. आपल्या खात्यात नोंद दिसल्यावरच थान फाडावे. गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि दुकानदाराला मिळाल्याची खातरजमा झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. गरीब गिऱ्हाइकाला हे दुकानदारानेच समजावून सांगावे, आणि तक्रारीसाठी व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक त्याच्या फोनवरून उतरवून वहीत लिहून ठेवावा.